सुवर्णाची यादी बरोबर होती

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका लॅपटॉपच्या पंख्यातला कचरा ब्रशने काढत होतो. "भाऊ, इतकी वर्षं आळेफाट्याला कॉम्प्युटर दुरुस्त करताय, गिऱ्हाइकांच्या गमतीजमती लिहून द्या," असं ते म्हणाले. गमती आहेत. दोनेक सांगतो. पण त्यांच्या आडून मला जे सांगायचंय त्यात गंमत नाही, आणि ते वाचून कुणी माझ्या दुकानाची पायरी चढायचं बंद केलं तर मला तक्रार करायला तोंड नाही.

आधी माझं काम काय ते सांगतो. तरुणपणी मी भोसरीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होतो. तिथं युनिक्सवर चालणारं मोठं मशीन होतं. युनिक्स म्हणजे ना माउस, ना चित्रं. नुसती काळी पाटी आणि लुकलुकणारी एक रेघ. तुम्ही हुकूम टाइप करायचा आणि मशीनने तो पाळायचा. पाळला तर चकार शब्द बोलायचा नाही, चुकलं तरच एका ओळीत सुनवायचं. आमचे वडील असेच होते, त्यामुळे माझं आणि युनिक्सचं लवकर जमलं. "ही फाइल पुसू का?" असं ते विचारत बसत नाही. पूस म्हटलं की पुसलं. आम्हा लोकांना या गोष्टीचा फार अभिमान असतो. विचारत बसणाऱ्या मशीनला आम्ही बावळट समजतो.

कारखान्याने ते मशीन भंगारात काढलं आणि मी गावाकडे आलो. आळेफाट्याला एका गॅरेजच्या मागे गाळा घेतला. इकडे घरोघरी विंडोज. मग मी विंडोजवर युनिक्सचे हुकूम चालवणारी फुकटात मिळणारी टूल्स घालायला लागलो. म्हणजे एका घरात दुसऱ्या घराण्याची माणसं आणून ठेवायची. ही दोन घराणी कशावरच एकमताने वागत नाहीत. एक पत्ता लिहिताना तिरकी रेघ इकडे झुकवतं, दुसरं तिकडे. माझी निम्मी हयात यांची भांडणं मिटवण्यात गेली.

नारायणगावच्या बाजूच्या एका रोपवाटिकावाल्याला त्याच्या हजारो फायलींतून टोमॅटोच्या एका वाणाची माहिती शोधून हवी होती. हुकूम माझ्या दुकानात झकास चालला, त्याच्या ऑफिसात चालेना. गोम अशी, की 'फाइंड' नावाचा हुकूम युनिक्सकडेही आहे आणि विंडोजकडेही. काम मात्र दोघांचं निराळं. एका आळीत दोन तुकाराम असले की हाक मारल्यावर ज्याचं घर जवळ तो ओ देतो. तिथं विंडोजचा तुकाराम जवळ राहत होता. मी हाक मारताना पूर्ण पत्ता सांगितला, काम झालं. ते शोधायला मला तासभर लागला होता. रोपवाटिकावाला म्हणाला, "म्हंजी पत्ता चुकला व्हता व्हय? मंग तासभर डोकं कशाला धरून बसला व्हता राव?"

ओझरच्या एका निवृत्त गुरुजींची तक्रार होती, की मी दिलेल्या टूलला त्यांच्या नातवाचे फोटो सापडत नाहीत. फोल्डरचं नाव होतं 'नातवाचे नवीन फोटो'. नावात मोकळी जागा आली की युनिक्सला ती तीन निरनिराळी नावं वाटतात. अवतरणचिन्हात घातलं की एक होतं. गुरुजींनी लगेच मलाच सुनावलं, "चाळीस वर्षं मी पोरांना दोन शब्दांत जागा सोडा म्हणून छड्या मारल्या. आता तू ती काढायला सांगतोस?"

तर अशा गमती. पण त्यांतलं एक मी गाळलं. मी हे सगळं काम चारचौघांसमोर करायचो आणि मुद्दाम करायचो. काळी खिडकी उघडली, हिरवी अक्षरं झरझर धावायला लागली की लोक खुर्चीमागे गोळा व्हायचे. "हॅकिंग करताय का भाऊ?" असं कुणी विचारलं की मी नुसता हसायचो. साध्या दोन क्लिकांत होणारं कामही मी काळ्या खिडकीतून केलेलं आहे. त्या खिडकीसमोर मी कुणीतरी होतो. एरवी मी गॅरेजच्या मागच्या गाळ्यातला, किबोर्डात सांडलेला चहा पुसणारा माणूस होतो.

आता विलासशेठ. जुन्नरच्या पेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ. नाव बदललंय, पण जुन्नरकर ओळखतील, ओळखू द्या. तुळशीचं लग्न लागलं की त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. आजकाल एका लग्नाचे दोन-अडीच हजार फोटो निघतात. त्यांतले दोन-तीनशे अल्बमसाठी निवडायचे. फोटो आधी घरी द्यायचे नाहीत, नाही तर लोक अल्बम न्यायला फिरकतच नाहीत, हा शेठचा दंडक. म्हणून लग्नघरची मंडळी स्टुडिओच्या मागच्या खोलीत मोठ्या स्क्रीनसमोर बसून निवड करत. आत्या, मामा, करवल्या, सगळे. एखादा मामा अल्बमातून सुटला तर पुढची दहा वर्षं तो दारात उभा करत नाही, त्यामुळे निवड म्हणजे पंचायतच असे. फोटोचे नंबर वहीत उतरवले जायचे. मग ऑपरेटरने वहीतला एकेक नंबर बघून एकेक फोटो वेगळा काढायचा.

ऑपरेटर होती सुवर्णा. माळशेज घाटाकडच्या मढची. वडिलांची डोंगरउताराला भातखाचरं. ओतूरला एसटीने ये-जा करून कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. जुन्नरला मावशीकडे राहून ती स्टुडिओत काम करायची. त्या घरातली महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी ती पहिली. वय चोवीस-पंचवीस असेल. बोलायची कमी, पण डोळ्यांत तेल घालून काम. तिने फोटोतल्या नवरीच्या गालावरचा डाग काढला तर तिथं डाग होता हे नवरीलाही आठवायचं नाही.

एकदा मी प्रिंटर दुरुस्त करायला गेलो असताना तिला एकेक फोटो वेचताना पाहिलं आणि माझी खाज उफाळली. "हे मी एका मिनिटात करून देतो," म्हणालो. शेठ म्हणाले, "आन् उरलेले फोटू बी उडवा भाऊ, डिस्क कायम भरलेली. जागाच न्हाई ऱ्हात."

मी स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे हुकमांची माळ, एकामागून एक आपोआप पाळले जाणारे. नंबरांची यादी वाचायची, यादीतले फोटो 'अल्बम' फोल्डरमध्ये हलवायचे आणि मागे उरतील ते पुसायचे. तिच्या डेस्कटॉपवर मी एक चिन्ह ठेवलं. "यादी टाइप करायची, यावर दोनदा क्लिक करायचं, संपलं." पेनड्राइव्हवरून माझी नमुना यादी घालून चालवून दाखवलं. काळी खिडकी उघडली, अक्षरं धावली, बारा फोटो अल्बममध्ये, बाकीचे गायब. शेठने टाळी दिली.

सुवर्णा म्हणाली, "सर, चालवायच्या आधी सगळ्याची एक कॉपी दुसरीकडं ठेवू का?"

मी म्हणालो, "काही गरज नाही. हे युनिक्स आहे."

हे वाक्य लिहिताना आत्ताही कान तापलेत.

आठवड्याने दुपारी शेठचा फोन. "भाऊ, हातातलं टाकून या. फोटू न्हाईत."

गेलो तर मागच्या खोलीत शेठ, सुवर्णा आणि मंचरच्या बाजूच्या एका मोठ्या बागायतदार घरातले नवऱ्या मुलाचे चुलते. पांढरी टोपी हातात घेऊन बसलेले. त्यांच्या पुतण्याच्या लग्नाचे सगळे फोटो गेले होते. अल्बम फोल्डर रिकामा, मूळ फोल्डरही रिकामा. युनिक्सने पुसलेलं विंडोजच्या कचरापेटीत जात नाही, ते थेट जातं. तरी पुसलेल्या फायली काही वेळ डिस्कवर दबा धरून असतात, त्या मागे आणता येतात. पण सकाळीच फोटोग्राफरने दुसऱ्या लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर ओतले होते. कॅमेऱ्याची कार्डं त्याआधीच कोरी झालेली. मी परत आणलेल्या फोटोंत कुठे अर्धी नवरी होती आणि खाली राखाडी पट्टा, कुठे नुसताच राखाडी पट्टा.

मग मी तिची यादी उघडली. साध्या डोळ्यांना ती अगदी स्वच्छ होती. एका ओळीत एक नंबर, तीनशे बारा ओळी. युनिक्सकडे न दिसणाऱ्या खुणाही दाखवायचा एक हुकूम आहे, तो दिला. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक छोटी टोपी आणि एम उभा राहिला. दहा सेकंद लागली असतील.

बाहेरच्यांसाठी सांगतो. विंडोजच्या नोटपॅडमध्ये एंटर दाबलं की ओळीच्या शेवटी दोन खुणा पडतात. युनिक्सला एकच लागते. जास्तीची खूण कुणाला दिसत नाही, पण युनिक्स तिला नंबराचाच भाग धरून चालतं. रेशनकार्डावर नावापुढे एक ठिपका जास्त पडला म्हणून बाबूने समोरचा माणूसच ओळखायचं नाकारावं, तसं. यादीतला एकही नंबर एकाही फोटोशी जुळला नाही. म्हणून एकही फोटो अल्बमात गेला नाही, आणि उरलेले पुसायचे म्हणून सगळे पुसले गेले. स्क्रिप्टने एका शब्दाने विचारलं नाही, कारण मी तिला विचारायला शिकवलंच नव्हतं. माझी नमुना यादी चालली होती, कारण ती मी माझ्या युनिक्सच्या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर टाइप करायच्या टूलमध्ये केली होती, त्यात ती खूण नव्हती. जगातला कुठलाही माणूस ती यादी नोटपॅडमध्येच टाइप करेल. हे आमच्या धंद्यातलं पहिलीच्या पुस्तकातलं ज्ञान आहे. मी स्वतः लोकांना हे सांगून शहाणपण मिरवलेलं आहे.

मागे तिघं उभी होती. शेठने विचारलं, "काय झालं भाऊ?"

मी म्हणालो, "यादीत चूक आहे."

वकिली बाण्याने पाहिलं तर हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं नीच होतं.

शेठ वळले. "यादी कुणी टाइप केली?"

"मी," सुवर्णा म्हणाली.

"तपासली व्हती?"

"दोनदा, सर."

चुलते टोपी डोक्यावर चढवत म्हणाले, "पोरींच्या हातात असली कामं दिली का ह्येच व्हनार. आमच्या घरातलं पयलं लगीन व्हतं, शेठ."

सुवर्णाने माझ्याकडे पाहिलं. "मी कॉपीचं विचारलं होतं," असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. मी बोलेन याची ती वाट पाहत होती, हे मला तेव्हाही कळलं होतं. नाही कळलं असं आजवर मीच मला सांगत आलो. मी काय केलं, तर ती टोप्या आणि एम दाखवणारी काळी खिडकी बंद केली. त्या खोलीत ती कुणालाच वाचता येणार नव्हती. तरी बंद केली.

शेठने तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिने टेबलाच्या खणातून आपला डबा आणि कंगवा काढला, संगणक रीतसर बंद केला आणि गेली.

लग्नघरचं फारसं बिघडलं नाही. व्हिडिओतून चित्रं काढली, पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो गोळा केले, अल्बम झाला, सगळे मामा त्यात आले. मी दुसऱ्या दिवशी जाऊन स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी घातल्या. एक, यादीतली जास्तीची खूण आधी काढून टाक. दोन, एकही फोटो जुळला नाही तर काहीही न पुसता थांब. चहा निवायच्या आत झालं. शेठ म्हणाले, "भाऊ हायेत म्हणून निभावतंय." मी तो चहा प्यालो.

नंतरची सहा वर्षं मी स्वतःची समजूत घालत काढली. हुशार मुलगी आहे, दुसरीकडे चिकटली असेल. शेठ तसाही तिला कधीतरी काढणारच होता. मशीनची कामं म्हटली की असं व्हायचंच. बायकोला एकदा सांगायला गेलो आणि अर्ध्यावर विषय बदलला. माळशेजमार्गे कल्याणला मुलाकडे जाताना मढ आलं की मी एसटीत डोळे मिटून घ्यायचो. बायकोला वाटायचं मला घाट लागतो, ती पिशवीतून आवळासुपारी काढून द्यायची. मी ती चघळत बसायचो.

यंदा श्रावण सरता सरता मढहून एका बाईंचा फोन आला. महिलांच्या बचत गटाच्या अध्यक्ष, हौसाबाई. गटाला कुठल्याशा योजनेत लॅपटॉप मिळालाय, तांदळाच्या आणि हिरड्याच्या पाकिटांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या त्यावर करायच्या होत्या, पण तो चालूच होत नाही. "या की भाऊ, आमाला कोन हाय दुसरं?" नाही म्हणायला मी तीन कारणं शोधली. हौसाबाईंनी तिन्ही मोडून काढली. मला गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केलीय, म्हणून एसटीने गेलो.

लॅपटॉपला काहीच झालं नव्हतं. गोदरेजच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून ठेवल्यामुळे बॅटरी उतरली होती इतकंच. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा अर्धीच सुटलेली होती. मी चार्जिंगला लावला. म्हटलं, "हा वापरलाच नाही का कुणी?"

"कोन वापरनार?" हौसाबाई म्हणाल्या. "आमी समद्या अंगठ्यावाल्या. येका सुवर्णाला येतंय, पन ती हात लावत न्हाई."

दुसरी एक बाई सूप पाखडता पाखडता म्हणाली, "लई शिकल्याली हाय. जुन्नरला स्टुडिओत व्हती. तितं कुनाचं तरी लग्नाचं फोटू घालवलं तिनं. तवापास्नं हात लावत न्हाई. आपल्या हातून बिघडंल म्हनती."

ती बाई हे दुष्टपणे म्हणत नव्हती. गावात एखाद्याचा पाय अधू असतो, एखाद्याला साप चावलेला असतो, तशी ही एक माहिती होती. मी केलेल्या चुकीची तिथं गोष्ट झाली होती आणि ती सुवर्णाच्या नावावर होती.

घर विचारलं. शेजारच्याच वाडीत दिलेली होती. चिखलातून वाट. भातं पोटरीला आलेली, सगळं हिरवंगार, मला त्यातलं काही दिसत नव्हतं. दारात सासू नाचणीतले खडे निवडत बसलेली. सुवर्णा आतून आली. जरा भरली होती, बाकी तीच. तिने मला लगेच ओळखलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "सर, तुमी?"

बसलो. पाणी प्यालो. घरून निघताना काही ठरवलं नव्हतं, त्यामुळे आडवळणं घ्यायलाही काही नव्हतं. सगळं सांगितलं. खूण, यादी, स्क्रिप्ट, मी खिडकी बंद केली तेसुद्धा. सासूचा हात नाचणीत थांबला होता.

माझं संपल्यावर सुवर्णाने विचारलं, "म्हंजी नोटपॅडात एंटर मारलं का ती खूण येती?"

"हो."

"मंग तुमी शिकवलं तवा कसं चाललं?"

"ती यादी मी माझ्या एडिटरमध्ये केली होती. त्यात येत नाही."

"म्हंजी माझ्या जागी कोन बी असतं तरी गेलेच असते."

"गेलेच असते."

सहा वर्षं कॉम्प्युटरला हात न लावलेली ही बाई दोन प्रश्नांत मुळाशी गेली होती. माझ्या धंद्यात मी अशी माणसं फार थोडी पाहिली आहेत. ती जर त्या खुर्चीवर राहिली असती तर काय झाली असती याचा विचार तिथं बसून माझ्या डोक्यात आला आणि मला तिच्याकडे बघवेना.

"मला माफ कर," मी म्हणालो.

तिने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "शेठना सांगितलं ह्ये?"

"नाही."

"मंग मला का सांगताय? मी यादी दोनदा तपासली व्हती, ह्ये मला म्हाईतच व्हतं. तुमी शेठना सांगायचं व्हतं."

ती उत्तराची वाट बघत उभी होती, तशीच, स्टुडिओत उभी होती तशी. मी फोन काढला. ओसरीत रेंज नव्हती. पावसातच अंगणाच्या कडेला गेलो, ती मागे आली, सासू दारात येऊन थांबली. फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"बोला भाऊ," विलासशेठ म्हणाले.

"शेठ, सुवर्णाबद्दल बोलायचं होतं."

"कोन सुवर्णा?"

शेजारी ती उभी होती. "शेठ, मढची. तुमच्याकडे ऑपरेटर होती. मंचरच्या लग्नाचे फोटो गेले होते बघा."

"हां हां, ती डोंगरातली पोरगी. आहो, कवाचं ते! तिच्यानंतर तीन झाल्या. तिचं काय?"

"चूक तिची नव्हती. माझी होती. तिची यादी बरोबर होती. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी बोललो नाही."

पलीकडे कुणीतरी फोटोला फ्रेम ठोकत होतं. "बरं मंग?" शेठ म्हणाले. "आता काय त्याचं? सोडा राव. ह्या आठवड्यात येऊन जावा येकदा, प्रिंटर कागद खातोय."

सुवर्णाने हात पुढे केला. मी फोन दिला.

"सर, मी सुवर्णा बोलतीय. यादी बरोबर व्हती. तीनशे बारा फोटू व्हते. दोनदा तपासले व्हते."

शेठ गडबडले. "बरं बरं. बरी हायेस ना ताई? पोरंबाळं?"

तिने उत्तर न देता फोन माझ्या हातात ठेवला. मी काहीतरी बोलून तो बंद केला.

दारातून सासू म्हणाली, "म्हंजी तू न्हवतं घालवलं?"

"न्हाई आत्या."

"मंग सांगायचं न्हाई व्हय? मी आपली धा जनीत..." एवढं बोलून म्हातारी थांबली. तिने सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काय करावं ते न सुचून, पाहुणा दारात उभा आहे एवढंच धरून, आत जाऊन चुलीवर भांडं ठेवलं. पाणी ओतल्याचा आवाज आला. "बसा पावनं, च्या घेऊन जावा," ती आतूनच म्हणाली. मी ओसरीची पायरी चढायला लागलो.

"आत्या, च्या नका टाकू," सुवर्णा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्यांना एसटी गाठायचीय."

मी पायरीवरचा पाय खाली घेतला, चपला घातल्या. एसटीला दीड तास अवकाश होता. ते तिला माहीत होतं, सासूला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.